तारेच्या पलीकडे कोण?

दारावर थाप पडली कीं कडी काढण्यापूर्वीं आंतून "कोण आहे?" असें विचारण्याची रीत मराठी घरांत फार जुनी आहे. बाहेरून उत्तर येतें तें बहुधा "मी" एवढेंच. पण तेवढ्या एका अक्षरावरून घरांतल्या म्हातारीलाहि आलेला माणूस जांवई आहे कीं शेजारचा पोरगा आहे, हें अचूक कळतें. टेलिफोन घरांत आला आणि दार बंद असतांनाच परका आवाज थेट माजघरांत येऊन पोंचला. तेव्हांपासून प्रत्येक पिढीला एक प्रश्न नव्यानें सोडवावा लागला आहे: पलीकडून बोलणारा माणूस खरोखर कोण, याची साक्ष कोणीं द्यावी?

इंटरनेटवरून येणाऱ्या अनोळखी फोननें हा प्रश्न पुनः बिकट केला आहे. कोणाचें निवृत्तिवेतन, कोणाच्या मुलीच्या लग्नासाठीं राखून ठेविलेली रक्कम अशा एका फोनच्या पायीं नाहींशी होते. आणि पैशापेक्षांहि मनाची जी घालमेल व अब्रूची जी भीति माणसाला ग्रासते, तिची भरपाई कोणतीच पेढी करूं शकत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहणें हें निव्वळ जिज्ञासेचें काम राहिलेलें नाहीं.

या इतिहासाचा आरंभ महानगरांतल्या मोठ्या कचेरींत शोधण्यापेक्षां लासूरसारख्या लहानशा रेल्वे-स्टेशनांत शोधलेला बरा. गंगापूर तालुक्यांतील लासूर हें गांव जुनेंच. परंतु लासूर स्टेशन ही वस्ती रेल्वेनें जन्माला घातली. मनमाडहून निघून निजामाच्या राज्यांतून हैदराबादकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटर-गेज मार्ग १९०० च्या सुमारास वाहता झाला, आणि स्टेशनच्या आधारानें तेथें दुकानें, वखारी व मोंढा वाढत गेला. मार्ग एकेरी होता. लासूरहून पोटुळाकडे एक गाडी निघाली आणि त्याच वेळीं समोरून दुसरी सुटली, तर कोणता अनर्थ ओढवेल हें सांगावयास नको. "मार्ग मोकळा आहे, गाडी सोडा" हा निरोप पुढच्या स्टेशनच्या मास्तरानेंच दिला आहे, ही खात्री म्हणजे शेंकडों उतारूंच्या जिवाचा प्रश्न होता.

तारयंत्राच्या काळीं मोर्सची कळ दाबण्याची प्रत्येकाची लकब निराळी असे. मुरलेला तारमास्तर नुसत्या कट्ट-कडकट्ट नादावरून पलीकडचा गृहस्थ ओळखी. पुढें स्टेशनां-स्टेशनांमध्यें टेलिफोन आला आणि शेजारच्या मास्तराचा आवाजच कानीं पडूं लागला. रोजचा आवाज, रोजचा माणूस. मग आणखी पुरावा तो कशाला हवा? पण रेल्वेच्या नियमकारांनीं आवाजावर विसंबून राहण्यास मनाई केली. त्यांनीं एक साधी युक्ति रूढ केली. मास्तराजवळ उलटसुलट क्रमानें छापलेल्या आंकड्यांचा एक कागद असतो. महत्त्वाचा निरोप देतांना त्यानें त्या कागदावरचा पुढचा आंकडा सांगावयाचा. ऐकणाऱ्यानें तो वहींत टिपून घ्यावयाचा आणि उलट आपल्या कागदावरचा आंकडा सांगावयाचा. वापरलेला आंकडा लगेच खोडून टाकावयाचा. रेल्वेच्या भाषेंत याला 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. उद्यां अपघात झालाच, तर कोणीं कोणाला काय सांगितलें याचा निवाडा दोन वह्या शेजारीं ठेवून करतां येतो.

या लहानशा युक्तींत एक मोठें तत्त्व आहे. बोलणाऱ्याची ओळख त्याच्या आवाजावर अगर त्यानें सांगितलेल्या नांवावर अवलंबून ठेवूं नये. ती दोघांनीं आधीं ठरविलेल्या खुणेवर, आणि नंतर वाचून पाहतां येईल अशा नोंदीवर अवलंबून ठेवावी. पुढें जें सांगावयाचें आहे तें सारें या एका सूत्राचाच विस्तार आहे.

शहरांतल्या टेलिफोननें मात्र निराळी वाट धरली. ग्रॅहॅम बेल याला टेलिफोनचें पेटंट अमेरिकेंत मार्च १८७६ मध्यें मिळालें; त्यास पुरतीं सहा वर्षेंहि झालीं नव्हतीं तोंच, २८ जानेवारी १८८२ रोजीं, मुंबई, कलकत्ता व मद्रास या तिन्ही शहरांतील टेलिफोन-केंद्रें उघडण्यांत आलीं. कलकत्त्याच्या मुख्य केंद्राचे आरंभींचे वर्गणीदार अवघे ९३ होते. एवढ्या लहान मंडळींत अनोळखी असा कोणी नसेच. शिवाय दोन घरांच्या तारा हातानें जोडून देणारा माणूस मध्यें बसलेला असे. कोणत्या घराची तार हालली हें त्याला फळ्यावर दिसे. बोलणारा कोण याची साक्ष द्यावयास एक जिवंत माणूस हजर होता.

परंतु साक्षीदारच पक्षपाती असला तर? अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्रॉजर नांवाचा एक गृहस्थ अंत्यसंस्काराच्या व्यवस्थेचा धंदा करी. आपल्याकडे येणारे फोन टेलिफोन-केंद्रांतली बाई आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथा कशीहि असो, मधल्या माणसाला वगळून आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचें पेटंट त्यानें १८९१ मध्यें मिळविलें आणि दुसऱ्याच वर्षीं इंडियाना राज्यांतील ला पोर्ट गांवीं तसलें केंद्र सुरू झालें. भारतांत पहिलें स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्यें सिमल्यास बसलें. त्याची शक्ति ७०० जोडण्यांची होती.

मधला माणूस गेला, पण साक्ष गेली नाहीं. ती माणसाकडून तारेकडे आली. प्रत्येक वर्गणीदाराच्या घरापासून केंद्रापर्यंत तांब्याच्या तारेची एक स्वतंत्र जोडी टाकलेली असे, आणि नंबर हा त्या जोडीचा असे. तार खोटें बोलूं शकत नाहीं. ट्रंक-कॉल लावतांना कोठून कोठें, किती वाजतां, किती मिनिटें, हें चिठ्ठीवर लिहिलें जाई, कारण त्यावरूनच पैसे आकारावयाचे असत. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्यें एस. टी. डी. म्हणजे परगांवीं परस्पर फोन लावण्याची सोय भारतांत प्रथम झाली, तरी मागचा हिशेब केंद्रांतच राहिला. पुढें १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेनें लहान गांवांना साजेशीं केंद्रें तयार केलीं. गल्लोगल्लीं पिवळ्या पाटीचीं एस. टी. डी.-पी. सी. ओ. दुकानें उभीं राहिलीं. त्या दुकानांतून कोणीहि निनांवी फोन करूं शके. पण फोन कोणत्या दुकानांतून झाला हें कळे; पोलीस दुकानदारापुढें जाऊन उभे राहत, आणि "सायंकाळीं सहाच्या सुमारास चौकटीचा सदरा घातलेला माणूस आला होता" एवढें तरी निष्पन्न होई. माणूस हरवला तरी जागा हरवत नसे. नंतर घरच्या यंत्रावर व मोबाइलवर फोन करणाऱ्याचा नंबर उमटूं लागला, तेव्हां लोकांनीं त्यावर निःशंक विश्वास ठेवला. कारण त्या नंबराच्या पाठीशीं शंभर वर्षांची तारेची पुण्याई होती.

ही पुण्याई इंटरनेटनें संपविली. विदेश संचार निगमानें भारतांत सार्वजनिक इंटरनेट-सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू केली. त्याच वर्षीं व्होकलटेक या इस्रायली कंपनीनें इंटरनेटवरून बोलण्याची सोय बाजारांत आणली. भारत सरकारनें १ एप्रिल २००२ पासून अशा संभाषणाला मर्यादित परवानगी दिली. या पद्धतींत दोन घरांमध्यें अखंड तार जोडली जात नाहीं. आवाजाचे सेकंदाला साधारण पन्नास तुकडे करून ते आंकड्यांच्या रूपानें पाठविले जातात, आणि पलीकडे ते पुनः सांधले जातात. संभाषण सुरू करतांना जो निमंत्रणाचा संदेश जातो, त्यांत 'पाठविणारा' अशी एक ओळ असते. ही ओळ भरतें कोण? पाठविणारा स्वतः, अगर ज्या कंपनीचें खातें त्यानें घेतलें असेल ती कंपनी. असा फोन जेव्हां एखाद्या जोड-यंत्रांतून जुन्या टेलिफोन-जाळ्यांत उतरतो, तेव्हां त्या ओळींतला नंबर पुढें सरकतो आणि घरांतल्या मोबाइलवर जसाच्या तसा झळकतो.

उपमा द्यावयाची तर ती टपालाची द्यावी. पाकिटाच्या पाठीमागें पाठविणारा आपला पत्ता लिहितो; टपालखातें तो खरा कीं खोटा हें तपाशीत नाहीं. पुण्याचा पत्ता लिहिलेलें पाकीट वाराणसीच्या पेटींत टाकतां येतें. पण पाकिटावर टपालाचे शिक्केहि असतात, आणि ते पाठविणाऱ्यानें मारलेले नसतात. अनोळखी इंटरनेट-फोनचा शोध म्हणजे पाठीमागचा पत्ता बाजूला ठेवून शिक्के वाचण्याचें काम होय. हे शिक्के म्हणजे वाटेवरच्या कंपन्यांच्या नोंदी: फोन कोणत्या वेळीं, कोणत्या इंटरनेट-पत्त्यावरून आला; खातें कोणत्या नांवानें उघडलें; त्याचे पैसे कोणीं, कोठून भरले.

हें काम कसें चालतें याचें अत्यंत दुःखद उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासांत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं समुद्रमार्गानें आलेल्या दहा अतिरेक्यांनीं मुंबईवर हल्ला केला. तीन दिवस चाललेल्या त्या संहारांत १६६ जणांचे प्राण गेले. ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेल व नरीमन हाऊस येथें दडून बसलेले अतिरेकी मोबाइलवर कोणाशीं तरी सारखे बोलत होते. त्यांतला एक नंबर पोलिसांच्या हातीं मध्यरात्रीनंतर लागला आणि महाराष्ट्र पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकानें संभाषणें ऐकून ध्वनिमुद्रित करण्यास प्रारंभ केला. न्यायालयापुढें आलेला हिशेब असा: ताजमधील अतिरेक्यांशीं ४१ फोन व ८,८३४ सेकंद; ओबेरॉयमधील अतिरेक्यांशीं ६२ फोन व १५,७०५ सेकंद; नरीमन हाऊसमधील अतिरेक्यांशीं १८१ फोन व ३५,१७२ सेकंद. म्हणजे एकंदर २८४ फोन व जवळ जवळ ९९५ मिनिटें. पलीकडून कोणी तरी दूरदर्शनवरची दृश्यें पाहून सूचना देत होतें, धीर देत होतें, माणसें मारावयास सांगत होतें.

हें 'कोणी तरी' कोण? फोनवर उमटणारा नंबर अमेरिकेचा होता. त्यांतील २०१ हे आंकडे न्यू जर्सी राज्याच्या एका भागाचे. उलट फोन करण्यासाठीं अतिरेक्यांना ऑस्ट्रिया देशाचे नंबर देण्यांत आले होते. नंबरावरच विश्वास ठेवला असता तर अपराधी अमेरिकेंत आणि ऑस्ट्रियांत शोधावे लागले असते. तपास करणाऱ्यांनीं नंबराचा मालक शोधला तेव्हां तो न्यू जर्सींतील कॉलफोनेक्स ही इंटरनेट-टेलिफोनचा व्यापार करणारी कंपनी निघाली. कंपनीच्या दप्तरीं खातें होतें, आणि खात्यावर नांव होतें 'खरक सिंग'. हल्ल्यापूर्वीं महिनाभर, ऑक्टोबर २००८ मध्यें, ई-मेलवरून पत्रव्यवहार करून या नांवाच्या माणसानें तें खातें उघडलें होतें. आपण भारतांतले असल्याचें त्यानें सांगितलें होतें. नांव भारतीय, नंबर अमेरिकन, उलटा नंबर ऑस्ट्रियाचा. माणूस मात्र कोठेंच नाहीं!

मग तपास पैशाच्या मागें गेला. खात्यांत प्रथम २५० डॉलर भरले गेले होते, आणि हल्ल्याच्या आदल्याच दिवशीं, २५ नोव्हेंबरला, आणखी २२९ डॉलर आले होते. ही दुसरी रक्कम इटलींतील ब्रेशिया शहरांतल्या पैसे पाठविण्याच्या एका दुकानांतून आली होती. ज्याच्या नांवानें ती पाठविली, त्या पाकिस्तानी माणसानें इटलींत कधीं पाऊलहि टाकलेलें नव्हतें; त्याची ओळखपत्रें परस्पर वापरण्यांत आलीं होतीं. इटलीच्या पोलिसांनीं नोव्हेंबर २००९ मध्यें तें दुकान चालविणाऱ्या दोघांना अटक केली, तेव्हां ही गोष्ट त्यांनीं जगापुढें मांडली. 'खरक सिंग' याची ई-मेलची पेटी जेथून जेथून उघडली गेली त्या नोंदींत पाकिस्तानांतील इंटरनेट-पत्ते आढळले, असें भारतीय तपास-यंत्रणांनीं नमूद केलें आहे. ध्वनिमुद्रणें, कंपनीचें दप्तर, पैशाच्या पावत्या, आणि साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनीं आपले प्राण देऊन जिवंत पकडून दिलेल्या कसाबचा कबुलीजबाब, असे धागे एकत्र आले. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रांत सर्वोच्च न्यायालयानें या संभाषणांचा तपशीलवार विचार केला आणि कटाचें मूळ पाकिस्तानांत असल्याचा निष्कर्ष काढला.

आवाजानेंहि आपलें काम केलें, पण तें उशिरानें. त्या ध्वनिमुद्रणांतील एका सूत्रधाराच्या तोंडीं 'प्रशासन' हा शब्द आला होता. पाकिस्तानांतला माणूस तेथें बहुधा 'इंतेजामिया' म्हणाला असता. 'प्रशासन' हा हिंदी व मराठी वर्तमानपत्रांतला शब्द. त्यामुळें हा आवाज भारतांत वाढलेल्या माणसाचा असावा असा तर्क झाला. जून २०१२ मध्यें सौदी अरेबियाहून परत पाठविलेल्या झबिउद्दीन अन्सारी याला अटक झाली, तेव्हां तो आवाज त्याचाच असा आरोप ठेवण्यांत आला. हा इसम बीड जिल्ह्यांतील गेवराईचा. मे २००६ मध्यें मनमाड-चांदवड भागांत पाठलाग करून पकडलेल्या शस्त्रसाठ्याच्या ज्या खटल्याला औरंगाबादचें नांव पडलें, त्यांत त्याला २०१६ मध्यें जन्मठेप झाली. मुंबईवर हल्ला चालू असतांना साऱ्या महाराष्ट्रानें ज्यांचा शोध चालविला होता, त्या परक्या आवाजांतला एक आवाज मराठवाड्याच्या मातींतला असल्याचें तपास-यंत्रणा सांगूं लागल्या, हें ऐकून अनेकांना धक्का बसला. पण एका शब्दावरून तर्क होतो, निर्णय होत नाहीं. आवाज जुळवून पाहण्यासाठीं तुलनेस खात्रीचा नमुना लागतो. आरोपीला असा नमुना देण्याचा हुकूम दंडाधिकारी करूं शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१९ मध्यें दिला आहे. शिवाय यंत्राकडून कोणाच्याहि आवाजाची हुबेहूब नक्कल करवून घेणें हल्लीं सोपें झालें आहे. स्टेशनमास्तराला आवाजावर विसंबूं न देणारा रेल्वेचा नियम किती दूरदर्शी होता, हें यावरून ध्यानांत येईल.

या प्रकरणावरून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती म्हणजे ओळख पटविण्याच्या कामांत घाईनें निरपराधी मनुष्य कसा भरडला जातो. ब्रेशियाच्या पावतीवर ज्याचें नांव होतें, तो त्या रात्रीं कोणाच्या रागाला बळी पडला असता? तीच गोष्ट इंटरनेट-पत्त्याची. जुन्या धर्तीचे इंटरनेट-पत्ते जगांत सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते पुरत नाहींत म्हणून मोबाइल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळीं पुष्कळ ग्राहकांना वांटून देतात. अशा वेळीं नुसता पत्ता पुरत नाहीं. फोन कोणत्या सेकंदाला झाला आणि पत्त्याच्या जोडीला 'पोर्ट' म्हणून जो उपक्रमांक असतो तो कोणता होता, हेंहि लागतें. न्यू जर्सींतलें घड्याळ नोव्हेंबरच्या अखेरीस भारताच्या साडेदहा तास मागें असतें. दोन देशांतल्या नोंदी जुळवितांना एका तासाची चूक झाली, तर दोषी म्हणून भलताच माणूस पुढें यावयाचा. म्हणूनच हें काम अधिकारी माणसांनीं, कायद्याच्या मार्गानें, कागद हातीं घेऊन करावयाचें असतें. परदेशी कंपनीचें दप्तर पाहण्यासाठीं त्या देशाच्या सरकारचें साहाय्य लागतें. भारत व अमेरिका यांच्यामध्यें तसा करार २००१ साली झालेला आहे. नोंदी लवकर पुसल्या जाऊं नयेत म्हणून भारताच्या सर्ट-इन या संस्थेनें एप्रिल २०२२ मध्यें त्या १८० दिवस जपून ठेवण्याचा आदेश काढला.

बनावट नंबरांचा पूर किती मोठा आहे, याची कल्पना ऑक्टोबर २०२४ मध्यें आली. परदेशांतून येणारे परंतु भारतीय नंबर मिरविणारे फोन अडविणारी यंत्रणा केंद्र सरकारनें त्या महिन्यांत सुरू केली, आणि पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडविले गेल्याचें जाहीर झालें. अमेरिकेंत फोनच्या नंबरावर कंपनीनें आपली आंकडेबद्ध सही करावी असा कायदा डिसेंबर २०१९ मध्यें झाला, व मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पासून ती सक्तीची झाली. पण ही सही नंबराची ग्वाही देते. बोलणाऱ्याच्या हेतूची ग्वाही ती कशी देणार? फोन येतांच नांव दाखविणारीं जीं खासगी साधनें लोक वापरतात, त्यांतलीं नांवें पुष्कळदां इतरांनीं आपापल्या यादींत लिहून ठेविलेलीं असतात. तीं उपयोगी पडतात. पण गांवांतली चर्चा आणि तलाठ्याचा उतारा यांत जो फरक, तोच येथेंहि लक्षांत ठेवावा.

या सगळ्याचा उपयोग घरांतल्या माणसानें काय करावा? फोन येतो. पलीकडचा गृहस्थ आपण पोलीस अधिकारी, सीमाशुल्क अधिकारी अगर सी. बी. आय.चे अंमलदार असल्याचें सांगतो. तुमच्या नांवाच्या पुडक्यांत अंमली पदार्थ सांपडले म्हणतो. कॅमेऱ्यासमोर बसून राहा, कोणाशीं बोलूं नका, एवढी रक्कम अमक्या खात्यांत भरा, असें दरडावतो. याला 'डिजिटल अरेस्ट' असें भारदस्त नांव पडलें आहे. फोनवरून अटक करण्याची तरतूद भारतीय कायद्यांत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' या आकाशवाणीच्या कार्यक्रमांत पंतप्रधानांनींहि हें देशाला सांगितलें. अशा फोनवाल्याशीं वाद घालून त्याची ओळख काढून घेण्याचा खटाटोप करूं नये. तो जें नांव सांगेल तें 'खरक सिंग'च असणार. जो नंबर दिसतो त्यावर उलट फोन करून शिव्या देणें तर सर्वस्वीं चूक. कारण तो नंबर एखाद्या निरुपद्रवी शिक्षिकेचा अगर मोंढ्यांतल्या अडत्याचा असूं शकतो, आणि तिला वा त्याला या प्रकाराची वार्ताहि नसते.

करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. फोन ठेवून द्यावा. ज्या पेढीचें अगर कचेरीचें नांव घेतलें गेलें, तिचा नंबर पासबुकावरून अगर छापील कागदावरून पाहून आपणहून तेथें विचारणा करावी. फोनवाल्यानें दिलेल्या नंबरावर करूं नये. फोन किती वाजून किती मिनिटांनीं आला, कोणता नंबर दिसला, काय बोलणें झालें, हें तेव्हांच वहींत लिहावें. मोबाइलमधली नोंद व संदेश पुसूं नयेत. पैसे गेले असतील तर लाज बाजूला ठेवून तत्काळ १९३० या नंबरावर कळवावें, कारण पैसा खात्याखात्यांतून पुढें पळण्यापूर्वीं अडविणें हें घटकेवर अवलंबून असतें. पैसे गेले नसतील, नुसताच संशयास्पद फोन असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या व्यवस्थेंत मार्च २०२४ पासून 'चक्षु' नांवाची जी सोय आहे, तेथें तो नोंदवावा. घरांतल्या माणसानें लिहून ठेविलेली बिनचूक वेळ हाच तपास करणाऱ्याच्या हातीं येणारा पहिला शिक्का असतो.

आणि एक गोष्ट प्रत्येक कुटुंबानें आजच करून ठेवावी. मुलगा पुण्यास, मुलगी अमेरिकेंत, वृद्ध आईबाप घरीं, अशी स्थिति आज घरोघरीं आहे. "बाबा, मी संकटांत आहें, ताबडतोब पैसे पाठवा" असा हुबेहूब मुलाच्या आवाजांत फोन आला, तर बापाचें काळीज पाण्यासारखें होतें आणि विचार सुचत नाहीं. त्यासाठीं सगळे एकत्र जमतील तेव्हां एक शब्द ठरवावा. जुन्या वाड्याचें नांव असो, आजीच्या गाईचें असो. तो कोठें लिहूं नये, संदेशांत पाठवूं नये, आणि एकदां वापरला कीं बदलावा. पैशाची गोष्ट निघाली कीं आधीं तो शब्द विचारावा. विचारण्यांत अविश्वास आहे असें मुलानें मानूं नये व बापानेंहि संकोच करूं नये. लासूरचा आणि पोटुळाचा मास्तर वर्षानुवर्षें एकमेकांना ओळखत असूनहि आंकडा विचारल्यावांचून गाडी सोडीत नसत, आणि त्यामुळें त्यांच्या स्नेहांत कधीं उणेपणा आला नाहीं.